सात कमानींचा टाक

आमच्या देवघरात एक इंग्रज साहेब नांदतोय, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं. माझ्याआधी ते गेणभाऊंना कळलं, याचा मला जास्त राग आला. घर माझं, देव माझे, रोज पुजणारी मी, आणि ओळख पटवून द्यायला कोण, तर उद्घाटन समितीचा अध्यक्ष.

गेणभाऊ म्हणजे आमच्या धामणवाडीचे माजी सरपंच. आता खुर्ची त्यांच्या बायकोच्या नावावर आहे, बसतात तेच. गावात काहीही उघडायचं असलं की समिती निघते, आणि अध्यक्ष आधीच ठरलेला असतो. मागं पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं तेव्हा फेटे होते, हार होते, फोटोवाला होता, टाकीत तेवढं पाणी नव्हतं. यंदा त्यांच्या हाती पूल लागला होता.

आधी टाकाचं सांगते. टाक म्हणजे चांदीवर उठवलेला देव. आमच्याकडे खंडोबाचा आहे, भवानीचा आहे, वीराचा आहे, आणि चौथा साती आसरांचा. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. डोहात राहतात. चिडल्या तर माणूस ओढून नेतात, खूश असल्या तर लेकरं सांभाळतात. बाकीचे तिन्ही टाक पातळ पत्र्याचे, चौकोनी. आसरांचा मात्र गोल आणि जाड, हातात घेतला की वजन लागतं. त्याच्यावर सात बायका एका रांगेत, खांद्याला खांदा लावून, डोक्यावरून पदर घेतलेल्या, आणि पायाखाली पाण्याच्या रेघा. त्यांची तोंडं दिसत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हाही दिसत नव्हती. माझ्या सासूबाई, अंबाबाई, म्हणायच्या की आसरांची तोंडं बघायची नसतात, त्या पाठमोऱ्याच बऱ्या.

या टाकाची आमच्या घरात एक रीत आहे. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. सव्वा महिन्यानं ती परत येते तेव्हा गाडी कुकडी नदीच्या पलीकडच्या काठाला थांबते. तिथं शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्याच आसरा. सासू घरून टाक घेऊन पूल ओलांडून जाते, दगडांपाशी टाकाला नदीच्या पाण्यानं आंघोळ घालते, ते पाणी लेकराच्या टाळूला लावते. मग टाक घेऊन सासू पुढं, लेकरू घेऊन सून मागं, अशा दोघी पुलावरून पायी घरी येतात. आमचे हे असेच घरात आले, माझा ऋषी असाच आला. ऋषीच्या वेळी पुलाच्या मध्यावर मला घेरी आली होती तरी सासूबाईंनी थांबू दिलं नाही. नुसतं मागं न बघता म्हणाल्या, चाल.

रीत घातली ती सासूबाईंच्या सासूबाईंनी, साळुबाईंनी. त्यांची पहिली मुलगी पूल नव्हता तेव्हाची. भर पावसाळ्यात पोर तापानं फणफणली, वैद्य पलीकडच्या गावात, आणि नदी दुथडी भरलेली. साळुबाई पोरीला छातीशी धरून काठावर उभ्या राहिल्या. होडीवाला दोर सोडीना. त्याचंही बरोबर होतं, पण पोर त्या काठावरच गेली. पुढं दगडी पूल झाला, मग माझे सासरे जन्मले, आणि साळुबाई त्यांना घेऊन माहेरहून आल्या त्या पुलावरून चालत. सासूबाई एवढं सांगायच्या आणि पदरानं तोंड पुसून कामाला लागायच्या.

तर तो दगडी पूल मागच्या पावसाळ्यात तडकला. उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर, दगडानं तरी किती सोसायचं. बांधकाम खात्याची माणसं आली आणि दोन्ही तोंडांना भिंत घालून गेली. शेजारी नवा पूल तयार होता. सिमेंटचा, सरळ, कठड्याला पिवळा-काळा रंग मारलेला. पण त्याचं उद्घाटन एका मंत्र्यांच्या हातून व्हायचं होतं, आणि मंत्र्यांना सवड नव्हती. तीनदा मांडव पडला, तीनदा निघाला. चौथ्यांदा पडला तो तसाच ठेवला. तोवर पुलाच्या आमच्याकडच्या तोंडाला पत्र्याचं फाटक, त्याला समितीचं कुलूप, पलीकडच्या तोंडाला मुरमाचा ढीग. पोरं शाळेला, दूध डेअरीला, टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला, सगळं बोरीच्या पुलावरून वळसा घालून चाललं होतं. फाटकाखालून जाणारी कुत्री तेवढी नव्या पुलावरून दिवसभर ये-जा करायची. त्यांना कुणी मंत्र्याची वाट बघायला सांगितलं नव्हतं.

अशात माझी सून आरती मंचरजवळच्या तिच्या माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. सव्वा महिना भरत आला तसा मी टाक काढला. रोजच्या हळद-कुंकवाचे थर बसून तो काळा पडला होता. नातीच्या टाळूला पाणी लावायचं तर टाक लखलखीत हवा, म्हणून ऋषीला म्हटलं, जुन्नरला जाऊन बदरुद्दीनभाईंकडून उजळून आण. बदरुद्दीनभाईंचं बाजारात चांदीचं दुकान आहे. जोडवी, पैंजण, वाळे, सगळं तिथंच मिळतं. माझे बाकीचे टाक त्यांच्या वडलांनीही उजळलेले आहेत, आसरांचा तेवढा सासूबाईंनी कधी घराबाहेर दिला नव्हता.

नेमके त्या वेळी गेणभाऊ दुकानात बसलेले. उद्घाटनाची आठवण म्हणून चांदीची पदकं करायला टाकली होती, त्यांचा नमुना बघायला. बदरुद्दीनभाईंनी आमचा टाक रसायनात घातला, ब्रशनं घासला आणि पालथा केला. मागच्या बाजूनं अक्षरं वर आली. इंग्रजी अक्षरं, गोल फिरलेली. मधे एक कान आणि मिशीचं टोक, बाकी चेहरा सपाट. ऋषीनं अक्षरं लावून वाचली. गव्हर्नराचं नाव होतं, धामणवाडीच्या पुलाचं नाव होतं, पूल उघडल्याचं साल होतं, नव्वद वर्षांमागचं. सरळ केला तेव्हा बदरुद्दीनभाईंनाही दिसलं, आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या गेणभाऊंनाही. पुढच्या बाजूला बायका नव्हत्या. पूल होता. सात कमानी, आणि खाली कुकडी.

ऋषी घरी आला तो तोंड पाडून. आई, हा टाक न्हाई, म्हणाला, आणि कागदाची पुडी माझ्या हातात ठेवून सांगत बसला. गेणभाऊंनी तिथल्या तिथं बदरुद्दीनभाईंना म्हटलं होतं की हे पदक इथंच राहू द्या, समिती बघून घेईल. बदरुद्दीनभाई म्हणाले, माझ्याकडं टाक म्हणून आला, टाक म्हणूनच परत जाईल. आणि पुडी बांधून त्यांनी ऋषीच्या खिशात घातली. एवढं माझ्यासाठी जुन्नरात कुणी केलं, ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गेणभाऊ घरी हजर. हातात लाल मखमलीची डबी. ओसरीवर खुर्ची ओढून बसले, चहा आला, पाण्याचं, पिकाचं झालं, मग विषय काढला. जुना पूल उघडला तेव्हा साहेब लोकांनी मोठमोठ्या मंडळींना चांदीची पदकं वाटली होती. तालुक्यात आता एकही शिल्लक नाही. मंत्र्यांना उद्घाटनात भेट द्यायला याच्याइतकी भारी वस्तू नाही. बदल्यात समितीचं नवं पदक तुम्हाला, असं म्हणून डबी उघडली. एका बाजूला मंत्र्यांचं तोंड, गालासकट. दुसऱ्या बाजूला नव्या पुलाची एक आडवी रेघ, आणि रेघेखाली गेणभाऊंचं पूर्ण नाव.

मी म्हटलं, "मग मंत्र्यांना हेच नवं द्या की."

"आवो वहिनी, त्याच्यावर त्यांचंच त्वांड हाये. त्यांना त्यांचंच त्वांड काय भेट द्यायचं?"

"आन् आमी घेऊन काय करायचं?"

गेणभाऊंनी कप खाली ठेवला. "हे बघा, तुमी इतकी वर्षं गव्हर्नराला हळद-कुंकू लावत आला. चुकून झालं, आमी हसनार न्हाई. पन आता कळलंय तर देव्हाऱ्यात ठेवून तरी काय उपेग? आरती यायची हाय ना? तुमची रीत मला ठावं हाये. पदक द्या, मी सोता फाटक उघडतो. तुमी निवांत लेकरू आना. न्हाईतर मग बोरीवरून आना."

असा तो सौदा होता. टाक ठेवला तर पूल बंद, पूल हवा तर टाक द्यायचा, आणि टाक दिल्यावर पुलावरून हातात काय घेऊन जायचं, ते गेणभाऊंनी सांगितलं नाही. मी विचारलं, पूल तुमच्या शेतातला आहे का. ते हसले, डबी मिटली, आणि विचार करा म्हणून गेले.

आमचे हे, म्हणजे भिकाजी पाटील, भांडणाच्या गावाला न जाणारा माणूस. बांधावरून कुणी वीतभर आत आला तरी हेच वीतभर मागं सरतात. ते म्हणाले, देऊन टाक, परक्या साहेबाला किती दिवस आंघोळी घालणार. त्या दिवशी त्यांनी भाकरी स्वतःच्या हातानं वाढून घेतली. ऋषी म्हणाला, आई, बोरीवरून गाडीनं आणू, एसी लावतो, बाळाला ऊनसुद्धा लागणार नाही. दोघांचंही वाईट नव्हतं. माझीच जीभ जड झाली होती. कारण खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी पूजेला बसले आणि आसरांच्या टाकापाशी माझा हात थांबला. कुंकवाचं बोट तसंच वर राहिलं. डोक्यात एकच येत होतं, मागच्या बाजूला मिशी आहे.

मला माझीच लाज वाटली आणि लाज वाटली याचा संताप आला. तीन पिढ्या बायकांनी ज्याच्यापुढं लेकरं ठेवली, ते सगळं एका मिशीच्या टोकानं खोटं ठरणार होतं का? टाक उचलला, पदरात घेतला आणि पूजा तशीच टाकून नदीवर गेले.

जुन्या पुलाच्या खालच्या अंगाला धुण्याचे दगड आहेत. तिथं उभं राहून मी टाक हातभर लांब धरला, पुलाच्या समोर. एक डोळा मिटला. हातातल्या सात कमानी आणि समोरच्या सात कमानी बरोबर एकमेकींवर बसल्या. पाण्याच्या रेघा सुद्धा जिथल्या तिथं. जन्मभर मी त्या पुलाखाली धुणं धुतलं आणि जन्मभर टाक पुजला, पण दोन्हीकडे सात का, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. देव घरात, पूल घराबाहेर. असं वेगळं ठेवलं की दिसत नाही.

आणि तिथं उभ्या उभ्याच मला साळुबाई कळल्या.

टाक धर्माजींच्या पेटीतून निघाला, असं सासूबाई सांगायच्या. धर्माजी म्हणजे साळुबाईंचे सासरे, गावचे पाटील. पुलाच्या दगडाला त्यांनी बैलगाड्या दिल्या होत्या, म्हणून साहेबानं पदक दिलं असणार. त्यांनी ते पेटीत टाकलं. ते वारल्यावर साळुबाईंनी ते बाहेर काढून देव्हाऱ्यात ठेवलं आणि घरात सांगितलं, ह्या आसरा. साळुबाईंना वाचता येत नव्हतं. पण डोळे होते की. ज्या बाईनं पुलाची एकेक कमान उभी राहताना बघितली, ज्या बाईची पोर याच काठावर हातात गेली, तिला चांदीवरचा पूल ओळखू आला नसेल? तिला पहिल्या नजरेत ओळखू आला असणार. ती चुकली नव्हती. तिनं ठरवलं होतं. घरच्यांना पूल पुजायला सांगितला असता तर हसले असते, म्हणून तिनं आसरा सांगितल्या. ज्यानं लेकरू पार नेलं त्याला तिनं देवात बसवलं. साहेबाचं तोंड खाली टाकांखालच्या तांदळात घातलं आणि कमानी वर ठेवल्या. म्हणून तर साहेब झिजला. इतकी वर्षं पितळेच्या ताटात पालथा पडून दुसरं काय होणार.

मी रडले. धुण्याच्या दगडावर बसून चांगली मोकळी रडले. सासूबाई तोंड पुसून कामाला का लागायच्या, तेही मला तेव्हा कळलं. मग टाक नदीत बुडवला, तिथंच पदराच्या गाठीतलं कुंकू काढून सातही कमानींना लावलं, आणि घरी आले. घरी येताना पावलं आपटत आले, असं आमचे हे सांगतात.

तोवर गावभर झालं होतं. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेले तर मागून कुणीतरी हळूच गव्हर्नरबाई म्हणालं. हसू पिकलं. हसणाऱ्यांत बायका कमी होत्या, कारण वाडीतल्या बऱ्याच जणींची लेकरं आजारी पडली की याच टाकाचं पाणी घेऊन गेलेली होती. त्यांची तोंडं उतरली होती. आपणही साहेबाचंच पाणी लेकराला लावलं का, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी किटली खाली ठेवली. एरवी चारचौघांत मी मोठ्यानं बोलत नाही असं नाही, पण त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं बोलले. सांगितलं, की साहेब पाठीमागं आहे आणि झिजून गेलाय, पुढं आपला पूल आहे. साळुबाईंची गोष्ट सांगितली. काठावर मेलेल्या पोरीचीही सांगितली.

"मी पुलाला कुकू लावत व्हते," मी म्हटलं. "उद्याबी लावनार. ज्यानं तुमची-आमची लेकरं पार नेली त्याला कुकू लावायची मला लाज न्हाई. परवा माझी सून यायचीय. मी नव्या पुलावरून जानार. ज्याला यायचं त्यानं यावं, ज्याला हसायचं त्यानं फाटकापाशी येऊन हसावं, म्हंजी मला दिसंल कोन हसतंय."

किटली रिकामी करून घरी आले.

ठरल्या दिवशी ऋषी मंचरला गाडी घेऊन गेला. आमचे हे सकाळपासून गोठ्यात काहीतरी शोधत होते. काय शोधताय विचारलं तर सांगेनात. मी नवं लुगडं नेसले, ताटात टाक ठेवला, हिरव्या बांगड्या, खण-नारळ, दहीभाताचा डबा घेतला आणि निघाले. वाटलं होतं एकटीच असेन. कोपऱ्यावर डेअरीवाल्यांची म्हातारी काठी घेऊन उभी होती. पुढं शाळेच्या वळणाला आणखी दोघी. मग एकेक दारातून येत गेल्या. एकीनं माझ्या हातातला डबा घेतला.

फाटकापाशी गेणभाऊ खुर्ची टाकून बसले होते. बातमी त्यांना होतीच. मांडवाची झालर त्यांच्या डोक्यावर फडफडत होती. उठून म्हणाले, सरकारी काम आहे, उद्घाटनाआधी कुणी गेलं आणि काही झालं तर जबाबदार कोण, मी पोलिसांना फोन लावतो. मी म्हटलं, लावा. मी तोवर मांडवात बसते, तुमच्या मंत्र्यांपेक्षा माझ्याकडं सवड जास्त आहे. आणि खरोखरच ताट मांडीवर घेऊन खाली बसले. बाकीच्या बसल्या. म्हातारीनं पाय लांब केले. गेणभाऊंनी फोन कानाला लावला, पण बोलताना काही दिसले नाहीत.

तिकडे पलीकडच्या काठाला ऋषीची गाडी येऊन थांबलेली दिसत होती. आरती खाली उतरली. तिच्या हातात पांढरं दुपटं. एवढ्या लांबून लेकराचं रडणं ऐकू येणं शक्य नाही, पण मला आलं. मधे तयार, कोरा, रिकामा पूल, आणि त्याच्यावर एक कुत्रं झोपलेलं. साळुबाईही अशाच काठावर उभ्या होत्या. त्यांच्या वेळी नदी आडवी आली होती. माझ्या वेळी पत्र्याचं फाटक होतं, आणि ते माझ्याच गावच्या माणसानं घातलं होतं. नदीवर रागावून उपयोग नसतो. माणसावर रागावता येतं.

मी उठायच्या बेतात होते, फाटकावरून चढायचं असा विचार डोक्यात येऊन गेला, लुगड्यात ते कसं जमणार याचाही. तेवढ्यात मागं वाट द्यायला बायका दोन्हीकडं सरकल्या. गेणभाऊंची सून श्रेया येत होती. सातव्या महिन्याचं पोट, सावकाश, कमरेवर हात ठेवून. ती सासऱ्यांसमोर बोलताना मी कधी ऐकली नव्हती. तिच्या मुठीत किल्ली होती. घरातल्या खुंटीवरून काढून आणली होती.

"घरी जा," गेणभाऊ हळू आवाजात म्हणाले.

"आबा, तीन महिन्यांनी मीबी म्हायेरनं येनार हाये, लेकरू घेऊन," श्रेया म्हणाली. "तवाबी मंत्र्याचीच वाट बघायची का?"

गेणभाऊंच्या हातात फोन तसाच राहिला. श्रेयानं कुलूप काढलं. फाटकाचा पत्रा जमिनीला घासत करकरला, आणि झोपलेलं कुत्रं उठून आमच्याकडं बघायला लागलं.

मी पाय टाकला, बाकीच्या माझ्यामागं. नवीन सिमेंट पायाला गरम लागत होतं. उजव्या हाताला जुना पूल, त्याच्या कमानी, मधल्या कमानीला पडलेला तडा. चालता चालता मी टाक त्याच्याकडं वळवून धरला, म्हणजे त्यालाही दिसावं. हा वेडेपणा आहे, मला माहीत आहे. मुरमाच्या ढिगावरून ऋषीनं हात देऊन मला खाली घेतलं. दगडांपाशी मी टाकाला आंघोळ घातली. आरतीनं दुपटं बाजूला केलं. पोरीच्या टाळूला पाणी लावलं तशी ती दचकली, तोंड वेडंवाकडं केलं आणि जोरात किंचाळली. आमच्या घरातली आहे, यात शंका राहिली नाही. आरतीला म्हटलं, चाल. मागं बघितलं नाही.

फाटकापाशी परत आलो तेव्हा आमचे हे तिथं उभे होते. गोठ्यात शोधत होते ती जुनी पितळी घंटा सापडली होती, बैलाच्या गळ्यातली. चपला काढून, घंटा दोन्ही हातांत धरून उभे. वाजवायचं धाडस झालं नव्हतं. मी जवळून गेले तेव्हा एकदाच वाजवली.

गावात आता सांगतात की त्या दिवशी सात बायकांनी पूल ओलांडला. ऐकायला बरं वाटतं, पण खोटं आहे. आम्ही जास्त होतो. श्रेया धरली तर आणखी एक, आणि तिच्या पोटातलं धरलं तर आणखी. गेणभाऊंनी पोलिसांत तक्रार केली नाही. फाटक कुणी उघडलं, हे त्यांना लिहून द्यावं लागलं असतं. कुलूप पुन्हा घातलं होतं, पण किल्ली खुंटीवरच राहिली, आणि मग सकाळी दूधवाले, मग शाळेची पोरं, असं करत चारआठ दिवसांत कुलूप नुसतं लोंबकळत राहिलं, आणि पलीकडचा मुरमाचा ढीगही कुणीतरी बाजूला ओढला.

मंत्री आले ते त्यानंतर महिन्यानं. तोवर पुलावर ट्रॅक्टरच्या चाकांचे डाग पडले होते, ते आदल्या दिवशी धुऊन काढले. फीत बांधली, कापली. माईकवरून पदकाच्या मानकऱ्यांची नावं पुकारली जाऊ लागली. ठेकेदार, खात्याचे साहेब, समितीचे सभासद. शेवटी गेणभाऊंनी माझं नाव घेतलं. जुन्या पुलाची आठवण घरात जपणाऱ्या भगिनी म्हणून. गोड बोलून जुना हिशेब मिटवायचा होता, आणि मंत्र्यांना माझ्याकडून जुनं पदक मिळेल अशी आशाही सुटली नव्हती. टाळ्या पडल्या. आरतीनं माझ्याकडं बघितलं. पोर तिच्या खांद्यावर झोपली होती.

मी वर गेले. रिकाम्या हातानं गेले. टाक घरी तांदळात होता, कमानी वर करून. मंत्र्यांनी हसून लाल डबी पुढं केली. मी डबी उघडली, त्यांच्या तोंडाकडं बघितलं, पदकावरच्या आणि खऱ्या, दोन्हीकडं. मग डबी मिटून गेणभाऊंच्या हातात ठेवली. माईक त्यांच्या हातातच होता, चालू होता.

"असू द्या तुमच्यापाशी, गेणभाऊ," मी म्हटलं. "हा पूल आधी नव्वद वर्षं उभा राहू द्या. मग आमच्या घरातली बाई यील आन् घेऊन जाईल."